मंजूर वीस लाख, जमा आठ लाख : तुटीचा अर्थसंकल्प आणि एका गावातली दोन कामे

प्रकरणाविषयी

पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी छोट्या कंत्राटदारांचे आणि दुकानदारांचे हिशेब लिहितो. त्यांतल्या एका तरुणाने दोन सरकारी कामे वेळेत पूर्ण केली आणि त्याचे पैसे अडकले. राज्याच्या तिजोरीतली तूट एका घराच्या कपाटापर्यंत कशी पोहोचते, हे त्याच्या वहीत मला पानोपानी दिसले. म्हणून त्याच्या संमतीने हे प्रकरण लिहून काढतो आहे. गाव, कार्यालय आणि माणसे यांची नावे दिलेली नाहीत. त्याच्या रकमा गोल केल्या आहेत. राज्याचे आकडे मात्र अर्थसंकल्पात आणि पुरवणी मागण्यांत आहेत तेच आहेत.

पार्श्वभूमी : गाव आणि कामे

गाव काळ्या मातीचे. कापूस, सोयाबीन, तूर. नाल्यापलीकडे एक वस्ती आहे आणि तिथून शाळेकडे येणारी गल्ली जूनपासून दसऱ्यापर्यंत चिखलात असायची. पोरे चप्पल हातात घेऊन शाळेत यायची. या गल्लीचा सिमेंट रस्ता आणि समाजमंदिरापुढे सभामंडप, या दोन मागण्या ग्रामसभेच्या ठरावांत वर्षानुवर्षे होत्या. २०२४ च्या उन्हाळ्यात लोकप्रतिनिधीचे पत्र गेले आणि दोन्ही कामे ग्रामविकासाच्या २५१५ या लेखाशीर्षात, म्हणजे सरकारी खर्चाच्या ठरलेल्या खात्यात, बसली. गावात त्याला नुसते ‘पंचवीस पंधरा’ म्हणतात. प्रत्येक काम १० लाखांचे.

काम मिळालेला मुलगा तिशीतला, स्थापत्याची पदविका घेतलेला, सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदलेला. वडिलांची थोडी शेती, घरात आई, बायको, एक मुलगी. याआधी त्याने चार लहान कामे केली होती आणि चारही वेळा पैसे दोन ते चार महिन्यांत आले होते. पुढचे त्याचे सगळे निर्णय या अनुभवावर उभे होते. ‘मार्च एंडिंगला पैसा येतोच’ हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

कार्यारंभ आदेश ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात निघाला. १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली, त्याच्या आत आदेश हातात पडणे सगळ्यांनाच हवे होते. त्या पंधरवड्यात आमच्या तालुक्यात रोज कुठे ना कुठे भूमिपूजन होते. आदेशाच्या शेवटच्या अटींमध्ये एक ओळ होती : देयक निधीच्या उपलब्धतेनुसार अदा करण्यात येईल. ही ओळ आधीच्या चार आदेशांतही होती, त्यामुळे ती कोणी वाचली नाही. मीही नाही.

पार्श्वभूमी : राज्याचा हिशेब

या दोन कामांचे भवितव्य ठरत होते मुंबईत. २८ जून २०२४ रोजी अर्थमंत्री अजित पवार यांनी २०२४-२५ चा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला. त्यात महसुली तूट, म्हणजे नेहमीच्या खर्चाला कमी पडणारी नेहमीची जमा, २०,०५१ कोटी आणि राजकोषीय तूट, म्हणजे एकूण खर्चासाठी कर्जाने भागवायची रक्कम, १,१०,३५५ कोटी रुपये दाखवली होती. त्याच अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली, वर्षाला ४६,००० कोटींची. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली. अर्थसंकल्प मांडून महिना होण्याआधीच, जुलैमध्ये, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या.

पुढच्या वर्षी, १० मार्च २०२५ ला, अर्थसंकल्पाचा आकार ७,००,०२० कोटी झाला. महसुली तूट ४५,८९१ कोटींवर आणि राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटींवर गेली. लाडक्या बहिणीची तरतूद या वेळी ३६,००० कोटी होती. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात पुन्हा ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ७५,२८६ कोटींच्या. मधल्या काळात अतिवृष्टी झाली आणि ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचे मदतीचे पॅकेज जाहीर झाले. ते द्यायलाच हवे होते. आमच्या भागातली सोयाबीनही त्या पाण्यात गेली.

इथे दोन गोष्टी सावकाश सांगायला हव्यात, कारण त्या समजल्याशिवाय त्या मुलाचे काय झाले ते समजत नाही.

पहिली. पुरवणी मागणी मंजूर होणे म्हणजे विधिमंडळाने खर्चाला दिलेली परवानगी. त्याने तिजोरीत एक रुपयाही वाढत नाही. पैसा यायचा तो करातून, केंद्राकडून किंवा कर्जातून. परवानग्या भराभर वाढल्या आणि जमा त्या मानाने वाढली नाही, तर वित्त विभागाला नळ बारीक करावा लागतो. हा नळ म्हणजे बीडीएस, अर्थसंकल्प वितरण प्रणाली. विभागाची तरतूद कागदावर शंभर असली तरी संगणकावर वीस-पंचवीसच सोडले जातात. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज थांबवता येत नाही. बहिणींच्या खात्यातला हप्ता चुकला तर दुसऱ्या दिवशी राज्यभर बातमी होते. मग थांबवता येण्यासारखे काय उरते? रस्ते, सभामंडप, पाइपलाइन यांची झालेली कामे. काम झालेलेच असते, रस्ता कोणी उचलून नेत नाही, आणि कंत्राटदार आरडाओरडा करत नाही, कारण पुढचे काम त्याच कार्यालयातून मिळायचे असते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सरकारचा हिशेब रोखीचा असतो. पैसा कोषागारातून बाहेर पडला की तो खर्च. रस्ता फेब्रुवारीत पूर्ण झाला पण बिल दिले नाही, तर त्या वर्षाच्या हिशेबात तो खर्च नाही आणि त्यामुळे तो तुटीतही नाही. आपल्या राज्याने राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा २००५ मध्ये केला आणि राजकोषीय तूट स्थूल राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन पाळले जाते, असे दर अर्थसंकल्पात अभिमानाने सांगितले जाते. आकडा खराच असतो. पण न दिलेली बिले त्या आकड्यात नसतात. ती असतात हार्डवेअरच्या दुकानातल्या उधारीच्या वहीत आणि पतसंस्थेच्या तिजोरीतल्या मंगळसूत्रात. एखाद्या दुकानदाराने मला असा ताळेबंद करायला सांगितला, घेणेकऱ्यांची नावे गाळून, तर मी त्यावर सही करणार नाही.

अडचण

दोन्ही कामांचा प्रत्यक्ष खर्च १७ लाख झाला. तो असा उभा राहिला : स्वतःचे ४ लाख, हार्डवेअरवाल्याकडून सिमेंट आणि लोखंड उधारीवर ६ लाखांचे, गिट्टी-रेतीवाल्याचे २ लाख, आई आणि बायकोचे सोने पतसंस्थेत ठेवून ३ लाख, आणि ओळखीच्या एकाकडून शेकडा तीन रुपये महिन्याने २ लाख. कर आणि कपाती जाऊन हातात दीड लाख उरतील असा त्याचा अंदाज होता. मजुरांचा चुकारा त्याने एकदाही मागे ठेवला नाही. दर बाजाराच्या दिवशी, स्वतःच्या चार लाखांतून, रोख. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्याच्यावर बोट ठेवणाऱ्यांना ते माहीत नव्हते.

सभामंडप जानेवारीच्या मध्यात झाला, रस्ता फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस. ३१ मार्चच्या रात्री खात्यात ३ लाख जमा झाले. सभामंडपाच्या देयकापोटी, तेही अर्धवट. रस्त्याचा एक रुपया नाही. एप्रिलमध्ये नवे आर्थिक वर्ष लागले आणि कार्यालयात एकच उत्तर मिळू लागले : बीडीएसवर निधी नाही.

मे महिन्यात तो वही घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “भाऊ, मले फक्त एवढं सांगा, मी किती दिवस थांबू शकतो?” आम्ही व्याज मांडले. आलेले तीन लाख त्याने हार्डवेअरवाल्याला दिले होते, तरी तिथे तीन लाख बाकी होते आणि जूनपासून त्यावर दीड टक्का लागणार होता, म्हणजे ४,५००. सोन्याच्या कर्जाचे ३,०००. शेकडा तीनच्या दोन लाखांचे ६,०००. महिन्याला साडेतेरा हजार. काम संपून वर्ष होईपर्यंत दीड लाखाची कमाई जवळपास सगळी व्याजातच जाणार होती.

त्याच्या घरात आई आणि बायको यांना लाडकी बहीण योजनेचे मिळून ३,००० रुपये येतात. सोन्याचे व्याज तेवढेच जाते. वडिलांच्या पंपाचे वीजबिल माफ आहे. हे घर सरकारकडून घेतेही आणि सरकारला उसनेही देते. माझ्या ओळखीत अशी घरे पुष्कळ आहेत. त्याची आई मला म्हणाली, “पंधराशे येते तर पोरीच्या वह्या-पुस्तकाले होते. ते बंद करा असं मी कावून म्हणू? पण माह्या पोराच्या घामाचे पैसे तर द्या.” दोन्ही मागण्या रास्त आहेत. दोन्ही एकाच वर्षात पुरतील का, ही बेरीज परवानगी देणाऱ्यांनी करायची होती.

पर्याय

खरा पहिला निर्णय आमच्या भेटीच्या आधीच, जानेवारीत होऊन गेला होता. सभामंडपाचा स्लॅब टाकून झाला होता, तोवर आठ-नऊ लाख लागले होते, आणि निधी हळू येतो आहे अशी कुजबुज कार्यालयात सुरू झाली होती. रस्ता सुरू करायचा की थांबायचे? आदेशाची मुदत शिल्लक होती. मुदतवाढ मागता आली असती. पण सरपंचताईंनी त्याला बोलावून सांगितले, “पावसाच्या आत करून दे रे बाबा. लेकरं चिखलातून जातेत.” त्याने सुरू केला. मी त्या वेळी त्याच्या जागी असतो तर काय केले असते, हे मी बरेचदा मनात चालवून पाहिले आहे. हिशेबाने थांबणे योग्य होते. पण त्या गल्लीतून एकदा जुलैत चालून आलेल्या माणसाला थांबा असे सांगणे जड जाते.

मे महिन्यात समोर होते ते पर्याय असे.

नुसते थांबणे. महिना साडेतेरा हजार रुपये देऊन.

ग्रामपंचायतीकडून उसने घेणे. सरपंचताई तयार होत्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, आमच्याकडे अजूनही त्यांना सचिवच म्हणतात, समजावून सांगितले की पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा आराखड्यातल्या कामालाच लागतो. हे काम दुसऱ्या लेखाशीर्षातले आहे, त्याला तो लावला तर लेखापरीक्षणात सरपंच आणि सचिव दोघांच्या नावावर वसुली निघेल. ग्रामनिधीत घरपट्टी-पाणीपट्टीचे जे होते, त्यातून नळयोजनेचे वीजबिल भरायचे होते. सचिवांचे बरोबर होते. त्यांनी नियम पुढे करून हात झटकले असे गावात बोलले गेले, ते खरे नाही.

कोर्ट. नागपूर खंडपीठात याचिका करता येते, व्याजासह मागणी करता येते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे, ४५ दिवसांत पैसे नाहीत तर चक्रवाढ व्याज. पण तो माल आणि सेवा पुरवणाऱ्यांसाठी. बांधकामाच्या कंत्राटाला तो लागू करण्याबाबत न्यायालयांचा कल प्रतिकूल राहिलेला आहे. शिवाय वकिलाचा खर्च. आणि त्याचा स्वतःचा प्रश्न, ज्याला माझ्याकडे उत्तर नव्हते (एमबी म्हणजे झालेल्या कामाची मापे लिहायची सरकारी वही) : “ज्या सायबाकडून उद्या एमबी लिहून घ्याची हाय, त्याच्यावरच केस टाकू काय?”

नवे काम घेणे. एका मोठ्या कंत्राटदाराने त्याला पोटकंत्राट देऊ केले होते, थोडी उचलही. त्या उचलीतून जुनी उधारी भागवायची, नव्या कामाला पुन्हा उधारी करायची. याची टोपी त्याच्या डोक्यावर. तालुक्यात बरेच जण हेच करत होते. मला हा पर्याय सगळ्यांत घातक वाटला आणि मी तो स्पष्ट नाकारायला सांगितला. जुनी उधारी एका सरकारी बिलावर टांगलेली होती, नवी दुसऱ्या सरकारी बिलावर टांगली जाणार होती, आणि दोन्ही बिले एकाच नळाखाली.

काही विकून महागडे कर्ज आधी फेडणे. काँक्रीटचा मिक्सर आणि व्हायब्रेटर विकले तर एक लाख दहा हजार येत होते. घरात तुरीचे नव्वद हजार होते, पण ते पेरणीसाठी ठेवलेले.

काय केले

दोन दिवस विचार करून त्याने मिक्सर आणि व्हायब्रेटर विकले आणि तुरीचे पैसे त्यात घालून शेकडा तीनवाल्याचे दोन लाख मे महिन्यातच चुकते केले. पेरणीसाठी वडिलांच्या नावावर पीककर्ज काढले. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत भरले तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शून्य टक्क्याने पडते. महिन्याला सहा हजारांचे व्याज थांबले. मिक्सर विकताना त्याला फार लागले. पहिल्या कामाच्या कमाईतून घेतलेला होता तो.

दुसरी गोष्ट केली ती कागदाची. माहितीच्या अधिकारात कार्यालयाला चार प्रश्न विचारले : या लेखाशीर्षाखाली आपल्या कार्यालयाकडे किती किमतीची कामे मंजूर आहेत, किती निधी आला, किती देयके प्रलंबित आहेत, आणि आलेला निधी कोणत्या क्रमाने वाटला. अर्ज करायलाही तो आधी घाबरत होता. मी सुचवले की तक्रारीचा एक शब्द घालू नये, फक्त आकडे मागावेत. उत्तर महिन्याभरात आले, आणि नीट आले. मंजूर कामांच्या मानाने आलेला निधी पाचात एक इतकाच होता. वाटपाला ठरलेला क्रम नव्हता. निधी येईल त्या दिवशी जी देयके तयार असतील, त्यांना थोडे थोडे.

हे उत्तर घेऊन तो त्याच्यासारख्याच चौघांना भेटला. पाचही जण दहा-दहा लाखांचीच कामे करणारे. त्यांनी मिळून एक पत्र दिले : देयक सादर झाल्याच्या तारखेनुसार यादी करावी, ती फलकावर लावावी आणि १० लाखांपर्यंतच्या कामांची देयके आधी द्यावीत. पत्रासोबत प्रत्येकाने आपल्या उधारीचा आणि व्याजाचा एक पानी हिशेब जोडला. ती पाने मी लिहून दिली. कार्यालयातल्या लेखाधिकाऱ्यांनी पत्र वाचून “हे तुम्ही आधी का नाही दिलं?” असे विचारले, एवढे त्याने मला सांगितले. त्या प्रश्नात दोष देण्याचा सूर नव्हता म्हणे. त्यांच्याही टेबलावर रोज पंचवीस माणसे येत होती आणि त्यांच्याकडे द्यायला काही नव्हते.

यादी फलकावर लागली नाही. पण तयार झाली.

परिणाम

सप्टेंबरच्या पावसात वडिलांचे सोयाबीन गेले. म्हणजे पीककर्ज फेडायचे साधन गेले, आणि ते ३१ मार्चच्या आत भरले नाही तर शून्य टक्क्याची सवलतही जाणार. मे महिन्यातला निर्णय करताना आम्ही पिकाचा धोका गृहीत धरलाच नव्हता. विदर्भात राहून ही चूक मी केली, हे मला इथे नोंदवले पाहिजे.

डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात पुरवणी मागण्या मंजूर झाल्या आणि जानेवारीत बीडीएसवर थोडा निधी सुटला. या वेळी वाटप तारखेच्या यादीने झाले. त्याला ५ लाख मिळाले. त्यातून हार्डवेअरवाल्याचे उरलेले तीन आणि गिट्टी-रेतीवाल्याचे दोन लाख फिटले. मंजूर २० लाखांपैकी जमा ८, येणे १२. काम संपल्यापासून तोवर व्याजात गेले ते सुमारे ८७ हजार. शेकडा तीनचे कर्ज मे महिन्यात फेडले नसते तर आणखी ४८ हजार गेले असते. सोने अजून पतसंस्थेतच आहे.

गल्ली चांगली झाली आहे. २०२५ च्या पावसाळ्यात नाल्यापलीकडची पोरे बूट घालून शाळेत आली. मी जाऊन पाहिले. काँक्रीटला कुठे तडा नाही.

पण एक परिणाम असा झाला जो कोणाच्याच हिशेबात नव्हता. हार्डवेअरवाल्याचे अशा सात-आठ कंत्राटदारांकडे पैसे अडकले होते. त्याने उधारी बंद केली, आणि ती सगळ्यांचीच बंद केली. आमच्याकडे घरकुलाचे लाभार्थी सिमेंट-लोखंड उधार नेतात आणि आवास योजनेचा हप्ता खात्यात आला की चुकते करतात. १ लाख २० हजारांच्या अनुदानात घर बांधायचे तर दुसरा मार्गही नसतो. त्या पावसाळ्यात गावातली दोन घरकुले लेंटलपर्यंत येऊन थांबली. एका घरात म्हातारी बाई ताडपत्रीखाली राहिली. रस्त्याच्या बिलाशी त्या बाईचा काय संबंध, असे कोणी विचारले तर संबंध त्या दुकानाच्या वहीतून जातो.

विदर्भाला अनुशेष हा शब्द नवा नाही. १९८४ च्या दांडेकर समितीपासून तो आमच्या बोलण्यात आहे. तो रस्ते, सिंचन, विजेच्या आकड्यांत मोजला गेला. आता कागदावर रस्ता झालेला दिसतो, मोजणीत मागासलेपण कमी झालेले दिसते, आणि त्या रस्त्याचे देणे मात्र त्याच तालुक्यातल्या लोकांच्या अंगावर असते. हा अनुशेष मोजायला कोणतीच समिती नाही.

निर्णयाच्या जागा : काय वेगळे करता आले असते

कंत्राटदाराच्या बाजूने पाहिले तर सर्वांत महागात पडलेली चूक साधी होती. सभामंडप जानेवारीच्या मध्यात पूर्ण होऊनही त्याने देयक लगेच सादर केले नाही. रस्ता झाला की दोन्ही एकदम देऊ, एमबीसाठी सायबांना दोनदा कशाला न्यायचे, असा त्याचा विचार. फेब्रुवारीत थोडा निधी आला तेव्हा ज्यांची देयके तयार होती त्यांना चाळीस टक्क्यांपर्यंत मिळाले. त्याचे तयार नव्हते. रस्त्याच्या काँक्रीटचा क्यूब तपासणीचा अहवाल २८ दिवसांनी येतो, म्हणजे तो मार्चअखेरच्या वाटपातही बसणार नव्हता, हे तर काम सुरू करतानाच तारखा मांडून कळले असते. आता मी माझ्याकडच्या सगळ्यांना सांगतो : स्लॅबचा टप्पा झाला की तेवढ्या कामाचे चालू देयक टाका, रकमेकडे पाहू नका, तारीख मिळवा.

दुसरी जागा कार्यारंभ आदेशाची. आदेश घेताना एवढे विचारता येते की या कामासाठी चालू वर्षात तरतूद किती आहे. टोकन, म्हणजे नाममात्र, तरतुदीवर मंजूर झालेल्या कामाला वर्षभरात फार तर दहा-वीस टक्के मिळणार, हे गृहीत धरून चालावे. मग दोनपैकी एकच काम आधी करायचे आणि दुसऱ्याला लेखी मुदतवाढ मागायची, हा मार्ग मोकळा होता. तोंडी विनवणीवर जानेवारीत रस्ता सुरू झाला. सरपंचताईंची कळकळ खरी होती, पण ग्रामपंचायतीने तसा ठराव घेऊन कार्यालयाला पाठवला असता, की पावसाळ्यापूर्वी रस्ता हवा म्हणून निधी राखून ठेवावा, तर निदान त्या घाईचा भार एकट्या त्याच्यावर राहिला नसता.

तिसरी जागा शेकडा तीनच्या कर्जाची. ते मुळात घेतले कारण पतसंस्थेला आणखी तारण हवे होते आणि स्लॅबची तारीख ठरली होती. तेव्हा तो माझ्याकडे आला नाही. छोट्या कंत्राटदाराला हिशेब लिहिणारा आठवतो तो विवरणपत्र भरायच्या वेळी. मीही कधी स्वतःहून विचारले नव्हते.

कार्यालयाच्या पातळीवर सुधारणा फारशी खर्चाची नाही. तारखेची यादी करणे, ती लावणे, लहान देयके पूर्ण देणे. दहा लाखांच्या देयकाला पंधरा टक्के दिले तर ते सगळे व्याजात जाते. तेच पैसे चार जणांना पूर्ण दिले तर चार उधारीच्या वह्या बंद होतात आणि दुकानदार पुन्हा माल देऊ लागतो.

राज्याच्या पातळीवर माझी मागणी एकच आहे आणि ती मी जिथे संधी मिळेल तिथे मांडतो. अर्थसंकल्पासोबत प्रत्येक लेखाशीर्षाखाली झालेल्या पण न दिलेल्या कामांची रक्कम छापा. नवीन कामांना प्रशासकीय मान्यता देताना आधीचे दायित्व वजा करा. भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक महाराष्ट्राच्या वित्तव्यवस्थेवरच्या अहवालांत सांगत आले आहेत की मूळ तरतूद पूर्ण खर्च होत नसतानाही पुरवणी मागण्या केल्या जातात आणि बराच खर्च मार्चमध्ये कोंबला जातो. म्हणजे एकीकडे परवानगी उतू जाते आणि दुसरीकडे झालेल्या कामाला पैसे नाहीत. दायित्वाचा आकडा तुटीच्या आकड्याशेजारी छापला, तर ३ टक्क्यांच्या आत आहोत हे वाक्य उच्चारताना सभागृहात कोणीतरी पुढचा प्रश्न विचारील. आज तो प्रश्न विचारायला आकडाच समोर नसतो.

सद्यस्थिती

१२ लाखांचे देयक तारखेच्या यादीत आहे. पतसंस्थेने सोन्याचे कर्ज व्याज भरून घेऊन पुढच्या वर्षासाठी नवे केले आहे. वडिलांच्या पीककर्जासाठी मार्चच्या आत पैसे कुठून आणायचे, यावर आम्ही दोनदा बसलो आहोत.

गेल्या आठवड्यात त्याला आणखी एका कामाचा आदेश मिळाला, शेजारच्या गावातल्या नालीचा. तो घेऊन तो सरळ माझ्याकडे आला. या वेळी आम्ही दोघांनी शेवटची अट मोठ्याने वाचली, आणि चालू वर्षातली तरतूद किती, प्रलंबित देयके किती आणि पहिल्या टप्प्याचे देयक कधी स्वीकारणार, हे तीन प्रश्न लिहून कार्यालयात आवक क्रमांक घेऊन दिले. उत्तर यायचे आहे. करारनामा सही न करता त्याच्या गाडीच्या डिक्कीत ठेवलेला आहे.